किलोमीटरला अर्धा सेकंद: रेम्को एवेनेपूल आणि टूर द फ्रान्सचं गणित

९ जुलै २०२५. फ्रान्समधल्या कां शहराच्या आसपास टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीतली ३३ किलोमीटरची टाइम ट्रायल, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकट्यानं पळवायची शर्यत. बेल्जियमच्या रेम्को एवेनेपूलनं ती ३६ मिनिटं ४२ सेकंदांत संपवली, म्हणजे ताशी जवळजवळ ५४ किलोमीटर. स्लोव्हेनियाचा ताडेय पोगाचार १६ सेकंदांनी मागे पडला आणि दोनदा टूर जिंकलेला योनास विंगेगार्ड १ मिनिट २१ सेकंदांनी. बरोबर दहा दिवसांनी, १९ जुलैला, हाच रेम्को पिरेनीजमधल्या तुर्माले घाटाच्या चढावर सायकलवरून उतरला आणि शर्यत सोडून गेला. त्या दिवशी सकाळी तो एकूण क्रमवारीत तिसरा होता.

आदल्या दिवशी पेरागूदच्या १०.९ किलोमीटरच्या चढाच्या टाइम ट्रायलमध्ये, त्याच्यामागून दोन मिनिटांनी निघालेल्या विंगेगार्डनं त्याला अंतिम रेषेजवळ गाठून मागे टाकलं होतं. प्रकार तोच, फक्त रस्ता उभा. जगातला सर्वोत्तम टाइम ट्रायल स्वार तिथे बारावा येतो, हे कोडं सोडवायचं तर सायकलवर ताकद नेमकी कुठे खर्च होते ते आधी बघावं लागतं.

त्याआधी थोडी ओळख. 'ग्रँड टूर' म्हणतात त्या शर्यती तीनच: मे महिन्यातली इटलीची जिरो, जुलैमधली टूर द फ्रान्स आणि ऑगस्ट-सप्टेंबरमधली स्पेनची वुएल्टा. (जानेवारी २०२६ मध्ये पुण्यात झालेल्या शर्यतीच्या नावातही 'ग्रँड टूर' आहे, पण ती पाच दिवसांची होती.) २१ टप्पे, मध्ये दोन विश्रांतीचे दिवस, रोजच्या वेळेची बेरीज, आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो विजेता. टप्पे किती जिंकले याला एकूण क्रमवारीत किंमत नाही. एकही टप्पा न जिंकता टूर जिंकता येते, आणि एका वाईट दुपारी ती घालवताही येते.

सपाटीवर शत्रू वारा

ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. या वेगाला स्वाराची सुमारे नव्वद टक्के ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो भेदायला लागणारी ताकद घनानं. वेग दहा टक्के वाढवायचा तर ताकद सुमारे तेहेतीस टक्के जास्त लागते. म्हणून या पातळीवर पाय आणखी मजबूत करण्यापेक्षा अंग लहान करणं स्वस्त पडतं.

अंग लहान करणं म्हणजे 'सीडीए' कमी करणं. वाऱ्याला समोरून दिसणारं क्षेत्रफळ गुणिले आकाराचा गुणांक, हा तो आकडा. रेम्कोसारख्या स्वाराचा तो ०.१७ चौरस मीटरच्या आसपास धरला, तर ५४ च्या वेगाला हवेसाठी ३४५ वॅट, टायरच्या घर्षणासाठी ३० वॅट आणि साखळी-गिअरमध्ये जाणारे थोडे, असे मिळून ३८५ वॅट होतात. आता सीडीए ०.१८ करा. फरक फक्त ०.०१, पण त्याच वेगासाठी २० वॅट जास्त मोजावे लागतात. ते वॅट नसतील तर ३३ किलोमीटरला ३५ ते ४० सेकंद जातात. कांमध्ये पोगाचारशी असलेलं अंतर १६ सेकंद होतं हे लक्षात घेतलं, की हा शंभरावा हिस्सा किती मोठा आहे ते कळतं.

रेम्कोची उंची १.७१ मीटर. मोठ्या स्वाराकडे वॅट जास्त असतात, पण वाऱ्याला दाखवायला छातीही मोठी असते. रेम्कोचे खांदे अरुंद आहेत. तो हात चेहऱ्यापर्यंत उचलून, डोकं खांद्यांत खुपसून बसतो, त्यामुळे वारा हातांवरून हेल्मेटवर आणि तिथून पाठीवर घसरत जातो. हात किती उचलायचे यालाही नियम आहे. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या २०२३ पासूनच्या नियमांत १८० सेंटिमीटरपेक्षा बुटक्या स्वाराला कोपराच्या गादीपासून हँडलच्या टोकापर्यंत १० सेंटिमीटर उंचीफरक चालतो. १८० ते १९० मध्ये तो १२, आणि त्यावरच्यांना १४.

ही बैठक दोन मिनिटं कोणालाही जमेल. ३५ मिनिटं जमत नाही, कारण मान आखडते, मांडी पोटाजवळ येऊन कंबरेचा कोन मिटतो आणि वॅट घसरतात. वळण बघायला डोकं वर काढलं की हेल्मेटमागचा वाऱ्याचा प्रवाह तुटतो. बरेच स्वार पवनबोगद्यात, म्हणजे कृत्रिम वारा सोडून घेतलेल्या चाचणीत, उत्तम आकडे दाखवतात आणि रस्त्यावर ते हरवून बसतात, ते असे. रेम्कोची खरी करामत म्हणजे तो हलत नाही. २०२४ च्या झुरिच जागतिक स्पर्धेत सुरुवातीच्या रॅम्पवरच त्याची साखळी उतरली आणि पॉवर मीटरही बंद पडला. किती वॅट मारतोय हे न दिसता, निव्वळ अंदाजानं सायकल मारून त्यानं फिलिप्पो गान्नाला ६ सेकंदांनी हरवलं. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं तो या प्रकारातला जगज्जेता आहे. २०२५ ला किगालीच्या जागतिक स्पर्धेत तर त्यानं अडीच मिनिटं आधी निघालेल्या पोगाचारला वाटेत गाठलं, आणि तो रस्ता चढउतारांचा होता.

चढावर शत्रू वजन

आता तोच स्वार ८ टक्क्यांच्या चढावर ताशी २० किलोमीटरनं न्या. स्वार ६२ किलो धरू. सायकल, बूट, पाण्याची बाटली मिळून ९ किलो. (सायकलला ६.८ किलोची खालची मर्यादा आहे, त्यामुळे तिथे फारसं काही कापता येत नाही.) हे ७१ किलो वर उचलायला ३१० वॅट लागतात, टायरला १५ आणि हवेला सुमारे ३०. साखळीतला तोटा धरून ३६० च्या थोडं वर, म्हणजे किलोमागे ५.८ वॅट. शंभरातले पंच्याऐंशी-शहाऐंशी वॅट वजन उचलण्यात गेले. खांदे अरुंद असल्याचा फायदा इथे जवळपास संपतो. उलट शरीरावर एक किलो जास्त असेल तर ४० मिनिटांच्या चढाला ३० सेकंद जातात.

मग रेम्कोचं किलोमागचं इंजिन कमी आहे का? वरच्याच हिशेबात ३८५ भागिले ६२ केलं तर ६.२ येतात, आणि तेही वाकलेल्या बैठकीत. इंजिन लहान नाही. प्रश्न समोरच्यांच्या इंजिनाचा आहे, आणि ते दिवसाच्या कोणत्या तासाला चालतं याचा.

२०२४ च्या टूरचा पंधरावा टप्पा घ्या. जवळपास १९८ किलोमीटर, आणि शेवटी प्लातो द बेय: १५.८ किलोमीटर, सरासरी ७.९ टक्के, म्हणजे १,२५० मीटरची उभी चढण. पोगाचारनं ती ४० मिनिटांपेक्षा किंचित कमी वेळात चढली. रेम्को टप्प्यात तिसरा आला, २ मिनिटं ५१ सेकंदांनी मागे.

हे आकडे घरबसल्या वॅटमध्ये बदलता येतात. चढलेले मीटर भागिले लागलेले तास काढा. त्याला २०० अधिक चढाच्या टक्क्यांची दहापट, या आकड्यानं भागा. पोगाचार तासाला सुमारे १,८८० मीटर चढला, भागिले २७९, म्हणजे किलोमागे ६.७ वॅट. रेम्को तासाला साधारण १,७५५ मीटर, म्हणजे ६.३. वारा, दुसऱ्याच्या मागे राहून मिळालेली सावली, रस्त्याचा पोत यांमुळे हे उत्तर दोन-चार टक्के इकडे-तिकडे जातं. टीव्हीवर कोणी दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत वॅट सांगत असेल तर कान बंद करावेत. पण एकाच दिवशी, एकाच चढावर, दोघांमधला फरक भरवशाचा असतो. तो इथे सहा-सात टक्के आहे.

आणि आता शीर्षकातला आकडा. कांमध्ये रेम्कोनं पोगाचारकडून ३३ किलोमीटरला १६ सेकंद मिळवले, म्हणजे किलोमीटरला अर्धा सेकंद. प्लातो द बेयवर १५.८ किलोमीटरला १७१ सेकंद गमावले, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ अकरा. त्या टूरमध्ये पोगाचार पहिला, विंगेगार्ड ६ मिनिटं १७ सेकंदांनी दुसरा, रेम्को ९ मिनिटं १८ सेकंदांनी तिसरा. गालिबिए, प्ला दादे, प्लातो द बेय, इझोला २००० आणि कुइयोल या पाच डोंगरी दिवसांचीच बेरीज, टप्प्यात वरचा क्रमांक आल्यावर वेळेतून वजा होणारे बोनस सेकंद सोडून, ७ मिनिटं ११ सेकंद होते.

पाच तासांनंतरची ताकद

ताज्या पायांनी ६.३ वॅट काढणारे पुष्कळ आहेत. पाच तास सायकल मारल्यावर, आधीचे तीन घाट पायात असताना ते काढणारे थोडे. या गुणाला सायकलिंगमध्ये 'ड्युरेबिलिटी' म्हणतात आणि अलीकडे संघ त्याची मोजणी करतात. आधी ३,००० ते ४,००० किलोज्यूल काम करून घ्यायचं, मग वीस मिनिटांची चाचणी घ्यायची आणि ताज्या आकड्याच्या किती टक्के शिल्लक राहिले ते बघायचं.

त्यातला मोठा भाग पोटाचा आहे. पॅडलवर एक किलोज्यूल काम करायला शरीर साधारण एक किलोकॅलरी जाळतं, कारण स्नायूंची कार्यक्षमता चोवीस टक्क्यांच्या आसपास असते. डोंगरी टप्प्याला ४,०००-४,५०० किलोकॅलरी लागतात. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर २,००० च्या आसपास असते. तासाला १०० ते १२० ग्रॅम कर्बोदकं खाल्ली तर पाच तासांत आणखी २,०००-२,४०० आत जातात. हिशेब कसाबसा जुळतो. एवढं पचवायला आतड्यांना महिनोन्महिने सवय लावावी लागते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगवेगळ्या वाटांनी शोषले जातात, म्हणून जेलमध्ये दोन्ही असतात. नुसतं ग्लुकोज तासाला ६० ग्रॅमच्या पुढे नेलं की पोटात गडगड सुरू. दुसऱ्या तासाला उतारावर एक बाटली चुकली तर त्याची वसुली पाचव्या तासाला होते. आणि दुसऱ्या दिवसाआधी टाकी पुन्हा भरायला ६२ किलोच्या माणसाला दिवसभरात ६०० ग्रॅम कर्बोदकं लागतात. नुसत्या भातावर भागवायचं म्हटलं तर शिजलेला दोन किलो भात.

वर उंचीचा प्रश्न. दोन हजार मीटरवर हवा विरळ होते आणि स्वाराची टिकाऊ ताकद पाच ते दहा टक्के घटते, कोणाची कमी, कोणाची जास्त. तुर्माले २,११५ मीटर, गालिबिए २,६४२. म्हणून हे लोक हंगामाआधी तेनेरिफेच्या तेइदे डोंगरावर किंवा सिएरा नेवाडात तीन-तीन आठवडे राहतात.

रेम्को थकला की संपतो, असं सरसकट म्हणणं मात्र चूक आहे. २०२४ ची टूर संपल्यावर सहाव्या दिवशी त्यानं पॅरिस ऑलिंपिकची टाइम ट्रायल जिंकली आणि त्यानंतर आठवड्यानं रोड रेसही. एकाच ऑलिंपिकमध्ये हे दोन्ही जिंकणारा तो पहिला पुरुष. पण त्याच टूरमध्ये पाच जुलैच्या टाइम ट्रायलमध्ये त्यानं पोगाचारला १२ सेकंदांनी हरवलं होतं, आणि २१ जुलैच्या मोनाको ते नीस टाइम ट्रायलमध्ये तो १ मिनिट १४ सेकंदांनी हरला. नीसच्या रस्त्यावर ला तुर्बीचा चढ होता हे खरं, तरी एवढा उलटफेर फक्त चढाचा नाही. तिसऱ्या आठवड्यात रेम्को घसरतो असं म्हणण्यापेक्षा, पोगाचार घसरत नाही असं म्हणणं जास्त बरोबर ठरेल.

इथवरचा रस्ता

लहानपणी रेम्को फुटबॉलपटू होता. अँडरलेख्त आणि पीएसव्हीच्या युवा संघांत, बेल्जियमच्या कुमार संघांतही. सायकलकडे वळला २०१७ मध्ये, आणि २०१८ ला कनिष्ठ गटाची दोन्ही जागतिक विजेतेपदं घेऊन थेट व्यावसायिक झाला. इंजिन आलं, पण गर्दीत चाकाला चाक लावून पळण्याची आणि उतारावर रेषा धरण्याची जी सवय इतरांना बारा-तेराव्या वर्षापासून लागते, ती मागे राहिली. ऑगस्ट २०२० मध्ये लोंबार्दियाच्या शर्यतीत उतारावर तो पुलाच्या कठड्यावरून खाली पडला, कंबरेचं हाड मोडलं. नऊ महिने एकही शर्यत न करता तो २०२१ च्या जिरोत उतरला. मोंताल्चिनोच्या खडीच्या रस्त्यांवर दोनएक मिनिटं गेली, मग पडला आणि माघार.

२०२२ ची वुएल्टा मात्र त्याची. आलिकांतेच्या ३०.९ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये त्यानं प्रिमोझ रोग्लिचला ४८ सेकंदांनी मागे टाकलं आणि पुढे ती आघाडी डोंगरांत सांभाळली. अठराव्या टप्प्याला पिओर्नालच्या घाटमाथ्यावर तो जिंकला. १९७८ नंतर ग्रँड टूर जिंकणारा तो पहिला बेल्जियन. सोळाव्या टप्प्याला रोग्लिच पडून बाहेर गेला, हेही नोंदवायला हवं.

पुढचा आलेख सरळ नाही. २०२३ च्या जिरोत आघाडीची गुलाबी जर्सी अंगावर असताना कोविडनं बाहेर. त्याच वर्षीच्या वुएल्टात ओबिस्क-तुर्मालेच्या दिवशी २७ मिनिटं गमावली, आणि दुसऱ्याच दिवशी टप्पा जिंकला. २०२५ अखेर हिशेब असा: सहा ग्रँड टूर, तीन पूर्ण, तीन अर्धवट.

२०२५ च्या घसरणीचं मूळ आमच्या मते डिसेंबर २०२४ मध्ये आहे. सरावात एका टपाल गाडीचं दार समोर उघडलं आणि बरगडी, खांद्याचं पातं, हात मोडला. डिसेंबर ते फेब्रुवारी हे पायाभरणीचे महिने. आठवड्याला वीस-पंचवीस तास, कमी जोरानं, फक्त लांब पल्ला. हे महिने गेले की काय उशिरा परत येतं ते बघा. अर्ध्या तासाची ताकद आठ-दहा आठवड्यांत भरून निघते, म्हणून एप्रिलमध्ये तो पहिल्याच शर्यतीत, ब्राबांत्से पेलमध्ये, जिंकला आणि जुलैत कांमध्येही जिंकला. पाच तासांनंतरची ताकद त्या वेगानं भरत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तो किगालीत रोड रेसला रौप्य आणि लोंबार्दियात दुसरा क्रमांक मिळवण्याइतका सावरला होता. दोन्हीकडे पुढे एकच माणूस होता, पोगाचार.

पुढे काय

टाइम ट्रायलचे किलोमीटर वाढले तर? २०१२ मध्ये ब्रॅडली विगिन्सनं टूर जिंकली तेव्हा ते शंभरच्या आसपास होते. २०२४ ला ५९, २०२५ ला ४४. २०२६ च्या आराखड्यात बार्सिलोनाची सांघिक टाइम ट्रायल सोडली तर वैयक्तिक फक्त २६. किलोमीटरला अर्धा सेकंद या भावानं रेम्कोची पोगाचारकडून कमाई १३ सेकंद. विंगेगार्डकडून भाव बरा मिळतो, दीड ते अडीच सेकंद, म्हणजे ४० ते ६५ सेकंद. घड्याळ त्याला पोडियमच्या, म्हणजे पहिल्या तिघांतल्या जागेच्या, झुंजीत उपयोगी पडेल. विजेत्याच्या पिवळ्या जर्सीसाठी ते पुरत नाही. त्याच आराखड्यात आल्प द्युएझ सलग दोन दिवस आहे, आणि विसाव्या टप्प्यात गालिबिएसह सुमारे ५,६०० मीटरची चढण.

वजन उतरवावं तर एक किलोला चढावरचा वेग सव्वा टक्का सुधारतो, पण ६२ किलोच्या माणसाकडे उतरवायला चरबी उरलेली नसते. स्नायू गेला की सपाटीचे वॅट जातात आणि सर्दी-खोकला दाराशी बसतो. त्यापेक्षा अखंड हिवाळा, दोन उंचीवरची शिबिरं आणि जेवणाची शिस्त यांतून मिळेल ते खात्रीचं. २०२६ पासून तो रेड बुल-बोरा-हान्सग्रोहे संघात आहे. जुन्या संघाचा पिंड एकदिवसीय शर्यतींचा आणि स्प्रिंटचा. २०२४ ला मिकेल लांदा सोबत होता, स्वतः पाचवा आला, पण २०२५ च्या जिरोत लांदाचा मणका मोडला आणि टूरला डोंगरात रेम्को एकटा पडला. नव्या संघात २०२५ च्या टूरमध्ये तिसरा आलेला फ्लोरियान लिपोविट्झ आहे. मदतनीस म्हणून तो सोनं आहे, पण त्याला मदतनीस व्हायचंय का, हा भाग संघ व्यवस्थापकाच्या डोकेदुखीचा. चढावर पुढच्याच्या मागे राहून वाचतात दहाच वॅट. खरा फायदा म्हणजे पाणी आणून देणारा, पंक्चर झालं तर स्वतःचं चाक काढून देणारा आणि प्रतिस्पर्ध्यानं झेप घेतली की वेग एकसारखा ठेवणारा माणूस.

हे शेवटचं रेम्कोसाठी फार महत्त्वाचं. थ्रेशोल्डच्या, म्हणजे साधारण तासभर टिकणाऱ्या ताकदीच्या, वर प्रत्येकाची एक छोटी टाकी असते, १५ ते २५ किलोज्यूलची. मर्यादेपेक्षा १०० वॅट जास्त मारले तर २० किलोज्यूलची टाकी दोनशे सेकंदांत रिकामी. पोगाचारनं झेप घेतली की मागे जाणारे बहुतेक जण याच दोनशे सेकंदांत मरतात. रेम्को जात नाही. तो बसून आपली लय धरतो आणि चढ हाच टाइम ट्रायल करून टाकतो. कॅमेऱ्यावर हे हरल्यासारखं दिसतं, पण २०२४ चा पोडियम याच पद्धतीनं आला.

जिरो किंवा वुएल्टा तो पुन्हा जिंकेल यावर पैज लावायला हरकत नाही. टूरसाठी एकच आकडा वहीत लिहीत जा: १५ व्या टप्प्यानंतरचा, दिवसातला निदान तिसरा मोठा घाट, चढ ४० मिनिटांचा, माथा दीड-दोन हजार मीटरच्या वर. तिथे गमावलेले सेकंद भागिले चढाचे किलोमीटर. २०२४ ला प्लातो द बेयवर तो अकरा होता. तीनच्या आत आला तर १६ किलोमीटरच्या चढाला पाऊण मिनिट जाईल, आणि मग शर्यतीतली टाइम ट्रायल किती किलोमीटरची आहे हे बघायला अर्थ येईल.